फुटकळ प्रश्नांचा कैवार

एका वाङ्मयीन सभेंत एका विद्वान् वक्त्यांचें भाषण ऐकण्याचा योग नुकताच आम्हांस आला. विषय वाचनाच्या ऱ्हासाचा होता, आणि तो नेहमीं जसा मांडला जातो तसाच मांडला गेला. परंतु मध्येंच वक्त्यांनीं एक आडवळण घेतलें. हल्लीं चार सुशिक्षित माणसें एकत्र जमलीं कीं एकमेकांना फुटकळ प्रश्न विचारीत बसतात. अमक्या चित्रपटांत तमकी भूमिका कोणीं केली, अमुक कवीनें तें टोपणनांव कां घेतलें, कोणत्या सामन्यांत कोण शून्यावर बाद झाला, असल्या माहितीच्या भंगाराची देवघेव करण्यांत त्यांची संध्याकाळ जाते. आणि ही बुद्धीची चैन नसून बुद्धीचें दिवाळें आहे, असा निकाल त्यांनीं देऊन टाकला. श्रोत्यांनीं टाळ्या वाजविल्या. आमच्या शेजारीं बसलेल्या आमच्या वकील स्नेह्यांनींहि वाजविल्या. याच गृहस्थांनीं आदल्या शनिवारीं ‘एकाच चित्रपटांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका करणारा नट कोण?’ असें विचारून आम्हांस अर्धा तास छळलें होतें.

आम्ही सभेंत कांहीं बोललों नाहीं. आभारप्रदर्शनानंतर चहा असतो, आणि चहाच्या आड येणारा वक्ता कोणासच आवडत नाहीं. परंतु तें ‘भंगार’ मनांत सलत राहिलें, म्हणून हा लेखप्रपंच.

आरोप करणाऱ्यानें आरोपीला एकदां तरी पाहिलेलें असावें ही अपेक्षा गैर म्हणतां येणार नाहीं. तेव्हां आमच्या शनिवारच्या बैठकीचें थोडें वर्णन करणें अवश्य आहे. बँकेंतून निवृत्त झालेल्या आमच्या एका मित्राच्या जुन्या वाड्यांत, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही सहा जण जवळजवळ वीस वर्षें जमत आहों. लांकडी जिना चढतांना आतां सर्वांचेच गुडघे कुरकुरतात. वकील वर सांगितलेच. एक डॉक्टर आहेत, त्यांचें वाङ्मयप्रेम शेरलॉक होम्सपाशीं सुरू होऊन तेथेंच संपतें. एक रेल्वेंतले निवृत्त अभियंते आहेत. आणि आमच्यासह दोन प्राध्यापक. बैठकीचे नियम कोणीं लिहून काढलेले नाहींत, परंतु ते मोडल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. पुस्तक उघडायचें नाहीं, फोन खिशांतून काढायचा नाहीं, गुण मोजायचे नाहींत, आणि उत्तर कोणालाच आलें नाहीं तर विचारणाऱ्यानें तें पुढल्या शनिवारपर्यंत दाबून ठेवलें तरी चालतें. हा शेवटचा नियम क्रूर आहे, परंतु याच नियमानें आमची बैठक टिकली असावी असा आमचा तर्क आहे.

आतां त्या राम-सीतेचेंच घ्या. उत्तर असें कीं, दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ सालच्या ‘लंकादहन’ चित्रपटांत अण्णा साळुंके नांवाच्या नटानें राम आणि सीता हीं दोन्हीं पात्रें रंगविलीं. एवढ्यावर तो प्रश्न संपला असता तर वक्त्यांचें म्हणणें आम्हीं निमूट मान्य केलें असतें. परंतु उत्तर मिळतांच डॉक्टरांनीं विचारलें, ‘मग १९१३ सालच्या राजा हरिश्चंद्रांत तारामती कोण?’ तोहि साळुंकेच. फाळक्यांना बायकी भूमिकेसाठीं कोणी स्त्री मिळेना. समाजानें ज्यांना बाहेर टाकलें होतें त्या वेश्यांनीं देखील त्यांना नकार दिला. तेव्हां एका उपाहारगृहांतील आचारी पाहून, त्याच्या नाजुक बोटांवर भाळून, फाळक्यांनीं त्याला राणी केलें. येथें अभियंत्यांनीं हरकत घेतली, कीं फाळक्यांना स्त्री मुळींच मिळाली नाहीं हें खरें नाहीं. लगेच पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटांत दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. त्या कमलाबाई म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या मातोश्री, विक्रम गोखल्यांच्या आजी. मग जें कांहीं महिन्यांपूर्वीं वेश्येलाहि लाजिरवाणें वाटलें तें एका ब्राह्मण आईनें मुलीला हाताशीं धरून कसें केलें, यावर रात्रीं साडेदहापर्यंत वाद झाला, आणि वहिनींनीं आंतून येऊन दुर्गाबाईंच्या बाजूनें जें सांगितलें तें त्या वादांतलें सर्वांत शहाणपणाचें बोलणें होतें. भंगार तें हेंच काय?

याच विषयावर स्पर्धापरीक्षेच्या मार्गदर्शकांत एक प्रश्न असतो: भारतांतील पहिला मूक कथापट कोणता व त्याचें साल कोणतें? उत्तर लिहिलें, एक गुण मिळाला, दार बंद झालें. वक्त्यांना राग यावयाचा तर तो या बंद दाराचा यावयास हवा होता. दोन्ही प्रश्न फाळक्यांविषयींच आहेत, दोहोंची उत्तरें दोन-चार शब्दांत बसतात, आणि तरीहि एकामागें दुसरा येतो व दुसऱ्यामागें कोणी येत नाहीं.

आमच्या पूर्वजांनीं हा वाद केव्हांच घालून ठेवलेला आहे. कामसूत्रांतल्या चौसष्ट कलांत प्रहेलिका ही एक कला आहे. दंडीनें काव्यादर्शांत तिचे सोळा प्रकार दिले आणि ती कोठें उपयोगी पडते हेंहि सांगितलें: गोष्ठींतल्या करमणुकींत, गर्दींत जाणत्यांनीं आपसांत गुप्त बोलण्यासाठीं, आणि दुसऱ्याची गंमत करण्यासाठीं. यांतलें एकहि प्रयोजन उदात्त नाहीं, आणि दंडीनें तसें भासविण्याचा प्रयत्नहि केलेला नाहीं, म्हणून तो आम्हांस प्रिय आहे. पुढें विश्वनाथ आला आणि त्यानें साहित्यदर्पणांत निकाल दिला कीं प्रहेलिका रसाच्या आड येते, म्हणून ती अलंकारच नव्हे. सभेंतले वक्ते विश्वनाथाच्या पंथाचे. परंतु विश्वनाथानेंहि तिला नुसतें उक्तिवैचित्र्य म्हणून सोडून दिलें. बुद्धीचें दिवाळें निघालें अशी दवंडी त्यानें पिटली नाहीं.

इंग्रजींत या असल्या माहितीला ‘ट्रिव्हिया’ म्हणतात. लॅटिनमध्यें तीन रस्ते मिळतात ती जागा म्हणजे ‘ट्रिव्हियम’. आमच्या कोंकणांतला तिठा. तिठ्यावर जें मिळतें, ऐकूं येतें, तें सामान्य आणि म्हणून क्षुल्लक, असा त्या विशेषणाचा अर्थ झाला. गंमत अशी कीं युरोपच्या मध्ययुगीन विद्यापीठांत व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्यांच्या पायाभूत अभ्यासालाहि हेंच नांव होतें. ज्याला कोणी तिठ्यावरची बाष्कळ गोष्ट म्हणतो तिच्या नांवांत तर्कशास्त्रहि नांदत आलें आहे. असो, शब्दाच्या कुळावरून माणसाची योग्यता ठरवूं नये, हें आम्ही इतरांना शिकवितों.

तिरस्कार करणाऱ्या विद्वानांपासून या खेळाला फारसें भय नाहीं. त्याचा खरा वैरी निराळाच आहे, आणि त्याची कथा आम्हां प्राध्यापकांना मान खालीं घालावयास लावणारी आहे.

अमेरिकेंत १९५६ सालीं ‘ट्वेंटी-वन’ नांवाचा एक प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर लोकप्रिय होऊं लागला. स्पर्धकांना कांचेच्या बंद खोलींत उभें करीत, आणि ते कपाळावरचा घाम पुशीत, अडखळत, आठवत उत्तरें देत. बक्षिसें डोळे दिपविणारीं होतीं. त्यांत हर्बर्ट स्टेंपेल नांवाचा एक मनुष्य आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. तो दिसण्यांत सामान्य, बोलण्यांत रांगडा. प्रायोजकांना तो नकोसा झाला. ५ डिसेंबर १९५६ रोजीं त्याला विचारण्यांत आलें कीं १९५५ सालचें सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर पारितोषिक कोणत्या चित्रपटाला मिळालें. उत्तर होतें ‘मार्टी’. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांतील एका एकाकी खाटकाची ती प्रेमकथा. स्टेंपेल स्वतः ब्रॉन्क्समध्येंच जन्मलेला आणि त्या चित्रपटावर त्याचा जीव. परंतु कार्यक्रमाच्या निर्मात्यानें त्याला आधींच बजावून ठेवलें होतें कीं या प्रश्नाचें उत्तर चुकवायचें. त्यानें आदल्या वर्षीं पारितोषिक मिळविलेल्या चित्रपटाचें नांव सांगितलें. ठरविलेल्या क्रमानें तो हरला आणि त्याच्या जागीं देखणा, कुलीन, गोड बोलणारा चार्लस् व्हॅन डोरेन आला.

हा व्हॅन डोरेन कोलंबिया विद्यापीठांत इंग्रजी शिकवीत असे. त्याचे वडील मार्क व्हॅन डोरेन त्याच विद्यापीठांतले नामांकित प्राध्यापक व पुलित्झर पारितोषिक मिळविलेले कवि. मुलानें सव्वा लाखाहून अधिक डॉलर जिंकले, साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचें चित्र आलें, आणि विद्वत्ता हीहि लोकप्रिय होऊं शकते म्हणून साऱ्या देशाला धन्य वाटलें. २ नोव्हेंबर १९५९ रोजीं त्यानें अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें कबुली दिली, कीं त्याला प्रश्न व उत्तरें आधींच पुरविलीं जात होतीं आणि कोठें थबकायचें, कोठें अडखळायचें, हेंहि पढविलें जात होतें. त्याची विद्यापीठांतली जागा गेली. पुढें तो ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या संपादनांत रमला, माहितीशीं खोटें वागलेल्या माणसाला माहितीच्या कोशांतच आसरा मिळाला. १९६० सालीं असली लबाडी कायद्यानें गुन्हा ठरली.

व्हॅन डोरेनची कींव पुष्कळांनीं केली. आम्हांस मात्र स्टेंपेलचें दुःख अधिक खोल वाटतें. आपल्याला ठाऊक असलेली, आपल्याला आवडलेली, आपल्या गल्लीची गोष्ट लक्षावधि लोकांसमक्ष ‘ठाऊक नाहीं’ असें म्हणायला लागणें, आणि तेंहि बक्षिसाच्या पैशासाठीं! आमच्या बैठकींत कोणालाहि ‘मार्टी’ आठवला असता तर त्याला हसूं आवरलें नसतें. त्यानें त्या खाटकाची सारी गोष्ट सांगितली असती आणि आम्हांला ती ऐकावी लागली असती.

याच्या पुढचा भाग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. त्याच कोलंबिया विद्यापीठांत, व्हॅन डोरेनच्या कबुलीनंतर सहा वर्षांच्या आंत, एडविन गुडगोल्ड आणि डॅन कार्लिन्स्की या दोन विद्यार्थ्यांनीं ‘ट्रिव्हिया’ नांवाच्या खेळाला नांवारूपास आणलें. खेळ कसला? वसतिगृहांत मित्र जमत आणि लहानपणीं पाहिलेले चित्रपट, ऐकलेले नभोवाणीचे कार्यक्रम, वाचलेल्या चित्रकथा यांच्यावर एकमेकांना प्रश्न विचारीत. फेब्रुवारी १९६५ मध्यें गुडगोल्डनें विद्यापीठाच्या दैनिकांत त्यावर लिहिलें. पुढल्या वर्षीं दोघांचें पुस्तक निघालें. पुस्तकाचा खप झाला, खेळ पसरला, आणि लौकरच या दोघांनाच तक्रार करण्याची पाळी आली. लोक नुसत्या आंकड्यांचे प्रश्न विचारूं लागले होते. अमुक जेलीचा खप कोणत्या संस्थानांत सर्वाधिक, असले. दोघांचें म्हणणें असें होतें कीं त्यांच्या प्रश्नांनीं मनाची तार छेडली जाते. हें दुसरें नुसतें तण आहे. बावीस-चोवीस वर्षांच्या पोरांनीं केलेला हा भेद आमच्या सभेंतल्या वक्त्यांना सुचला नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटतें. त्यांनीं फूल आणि तण एकाच विळ्यानें कापलें.

व्यापार या खेळाच्या पाठीस लागला तो लागलाच. १९७९ सालीं मॉन्ट्रियलमध्यें ख्रिस हेनी व स्कॉट ॲबट या दोन वृत्तपत्रव्यवसायी मित्रांना ‘ट्रिव्हियल परस्यूट’ हा पटावरचा खेळ सुचला आणि त्यांचें नशीब फळफळलें. पुढें १९८४ सालीं फ्रेड वर्थ या कोशकारानें त्यांच्यावर तीस कोटि डॉलरचा दावा लावला. आपल्या कोशांत त्यानें एक खोटी माहिती चोर पकडण्यासाठीं पेरून ठेवली होती: दूरचित्रवाणीवरील कोलंबो या गुप्त पोलिसाचें पहिलें नांव फिलिप. तीच थाप खेळाच्या पत्त्यावर उतरलेली! तरीहि वर्थ हरला. वस्तुस्थितीवर कोणाची मालकी नसते, असें न्यायालयानें ठरविलें. आमच्या वकील मित्रांना हा निकाल फार आवडतो, कारण त्यांचे निम्मे प्रश्न आमच्याकडूनच उचललेले असतात.

आपल्याकडे ३ जुलै २००० रोजीं अमिताभ बच्चन ‘कौन बनेगा करोडपति’ घेऊन घराघरांत आले, आणि त्याच वर्षीं मुंबईचे हर्षवर्धन नवाथे एक कोटि रुपये जिंकले. त्या कार्यक्रमाला आम्ही सरसकट नांवें ठेवणार नाहीं. कारण त्या दिवसांतलें घर आठवावें. पडद्यावरचा स्पर्धक विचार करीत असे आणि इकडे आजी, नातू, सून, शेजारचे काका सारे ओरडून उत्तरें देत. चुकलेल्याची थट्टा होई, बरोबर आलेली आजी दोन दिवस तोऱ्यांत असे. कोटि रुपये पडद्यावर होते. मौज सतरंजीवर होती. परंतु त्या मौजेंतून आमच्या मध्यमवर्गानें धडा कोणता घेतला? तर मुलांना सामान्यज्ञानाच्या शिकवणीला घालावें! ज्या ज्ञानाला ‘सामान्य’ म्हणायचें त्याचीहि शिकवणी, त्याचीहि फी, त्याचेंहि प्रमाणपत्र.

या पापांत आमचा वाटा आहे हें लपवीत नाहीं. तीसेक वर्षें आम्हीं प्रश्नपत्रिका काढल्या. परीक्षक प्रश्न विचारतो तेव्हां उत्तर त्याला ठाऊक असतें आणि तें तुम्हांला ठाऊक नसेल असा संशय असतो. मित्र विचारतो तेव्हांहि उत्तर त्याला ठाऊक असतें. परंतु तें तुम्हांलाहि यावें अशी अर्धी आणि येऊं नये अशी अर्धी इच्छा त्याच्या मनांत असते. या दोन अर्ध्यांच्या ओढाताणींत सारी गोडी आहे. आम्हीं वर्गांत ती गोडी कधीं आणली नाहीं असें नाहीं, पण प्रश्नपत्रिकेंत आणण्याचें धैर्य झालें नाहीं.

फोनविषयीं थोडक्यांत. आतां सर्व उत्तरें खिशांत असतांना प्रश्न कशाला, असें तरुण मंडळी विचारतात. त्यांना आमचें एकच विचारणें आहे: जिभेच्या टोंकावर आलेलें नांव आठवण्याची जी तडफड आहे ती कोणत्या यंत्रांत मिळते? शेगडीवर तासभर परतलेला हलवा आणि दुकानांतून आणलेली वडी यांत साखर सारखीच असेल.

तर त्या शिकवणीचें फळ आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. यजमानांचा दहा वर्षांचा नातू सुटींत आला होता. त्याला बैठकींत बसवून घेतलें आणि कौतुकानें विचारलें, ‘बाळ, मंगोलियाची राजधानी कोणती?’ ‘उलानबातर.’ उत्तर गोळीसारखें आलें. डॉक्टरांनीं विचारलें, ‘तेथें पाहण्यासारखें काय असेल रे?’ मुलगा जरा गोंधळला आणि म्हणाला, ‘आजोबा, तें विचारत नाहींत.’ मग आम्हीं त्याला राम-सीतेचा प्रश्न घातला. त्यानें पर्याय मागितले. पर्याय नाहींत म्हटल्यावर विचारलें, ‘याला गुण किती?’ गुणहि नाहींत हें ऐकून तो आमच्याकडे अशा दयेनें पाहूं लागला कीं आम्हांसच आपल्या वयाची लाज वाटली.

तरीहि तो उठून गेला नाहीं. साळुंके, फाळके, दुर्गाबाई, सारें त्यानें ऐकून घेतलें, आणि पुढल्या शनिवारीं आपण होऊन येऊन कोपऱ्यांत बसला. त्याच्यापुढच्या शनिवारीं, आमचे प्रश्न संपत आल्यावर, त्यानें हळूच विचारलें, ‘मी एक विचारूं?’

‘विचार.’

‘आपल्या वाड्याच्या जिन्याला पायऱ्या किती?’

वीस वर्षें तो जिना चढउतार करणारे आम्ही सहा जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. यजमान तर त्या घरांत जन्मलेले. डॉक्टर मात्र तत्काळ म्हणाले, ‘बेकर स्ट्रीटवरच्या होम्सच्या जिन्याला सतरा होत्या!’ आणि आपणच गप्प झाले. वकिलांनीं अंदाजानें एक आंकडा सांगितला. मुलानें मान हलविली. दुसरा सांगितला, पुन्हां मान हलविली. शेवटीं हरलों म्हटल्यावर उत्तर मागितलें, तेव्हां तो म्हणाला, ‘पुढच्या शनिवारीं सांगेन.’

त्या रात्रीं पांचहि पाहुणे पायऱ्या मोजीत खालीं उतरले आणि यजमान वरून कठड्यावरून वांकून मोजीत राहिले. अंगणांत आल्यावर आमचे तीन निरनिराळे आंकडे निघाले, आणि दिवा घेऊन पुन्हां वर जाण्याची कल्पना अभियंत्यांनीं काढली.